हौदात घातलेला हात

वरवट बकालच्या बाजारात नूरजहांनं कातड्याच्या एका व्यापाऱ्याला शेजारच्या कांदेवाल्याच्या तराजूदांडीनं झोडपलं होतं. लोक ही गोष्ट आजही सांगतात, आणि सांगण्याआधी मागं वळून पाहून घेतात, बाई जवळपास नाही ना म्हणून. त्या मेल्यानं भोकं पडलेली कातडी चांगल्या कातड्यांखाली दडपून विकली होती. दुसरं कोणी असतं तर चार शिव्या देऊन मोकळं झालं असतं. हिनं दांडी उचलली. व्यापाऱ्याचं नाक फुटलं, पांढऱ्या शर्टावर रक्ताचा ओघळ आला, अन् बाई काय म्हणाली? "आता तुह्याही कातड्याले भोक पडलं. घेशीन का वापस?"

हसू येतं ना? त्या व्यापाऱ्याला विचारा. त्याचं नाक अजून एका बाजूला आहे.

नूरजहांचा बाप कातडं कमावायचा, बापाचा बापही तेच करायचा. कमावणं म्हणजे इथं पैसा नव्हे. बकरीचं कच्चं, सडायला टेकलेलं कातडं घेऊन त्याचं वर्षानुवर्षं टिकणारं चामडं करायचं, त्याला कमावणं म्हणतात. बापाचा हात जड होता. बाभळीची साल कुटताना पोरीची मोगरी जरा थांबली की पाठीवर ओल्या वादीचा फटका. नूरजहां रडायची नाही. एकदा तिनं बापाचा अंगठा असा चावला की त्याला टाके पडले. त्यानंतर बापानं मारणं सोडलं असं नाही, तो फक्त लांबून मारू लागला.

लग्न होऊन ती सकलैनच्या घरी वरवटला आली तेव्हा हाच धंदा, हाच वास, हीच मोगरी. मोगरी म्हणजे बाभळीच्याच लाकडाचा हातभर ठोकळा, साल कुटायचा. नवऱ्यावरही तिनं एकदा हात टाकला. सकलैननं फटका खाल्ला आणि असा खदाखदा हसत सुटला की हिच्या रागातली हवाच गेली. अख्ख्या गावात तिला थंड करणारा तेवढा एकच माणूस होता, आणि तो किडनीनं गेला. या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात जातात तसाच गेला, आधी पायांवर सूज, मग चेहऱ्यावर, मग शेगावच्या दवाखान्यात चकरा, मग काहीच नाही. त्याच्यामागं उरली एक पोरगी, अलफिया, आणि अंगणातला सिमेंटचा हौद, सकलैननं स्वतःच्या हातानं बांधलेला.

तो हौद म्हणजे नूरजहांचा जीव. आधी कातडं चुन्यात टाकून केस काढायचे, आतल्या बाजूचं मांस खरवडायचं, धुऊन धुऊन चुना घालवायचा, आणि मग बाभळीच्या अन् तरवडाच्या सालीच्या पाण्यात सोडायचं. पहिल्या दिवसांत फिकं पाणी, मग हळूहळू गडद. घाई करून एकदम गडद पाण्यात टाकलं तर वरून पिकतं आणि आतून कच्चं राहतं. शेवटी हिरड्याचं पाणी. कच्चं जांभूळ खाल्लं की जीभ आखडते ना? त्या आखडण्यालाच नूरजहां कस म्हणे. ती हौदातलं पाणी बोटावर घेऊन चाटायची आणि तोंड आवळलं की समजायची, कस आहे.

अलफिया शेगावच्या कॉलेजात शास्त्र शिकत होती. ती एकदा म्हणाली, "अम्मी, तू ज्याले कस म्हनतं न, त्याले पुस्तकात टॅनिन म्हनतात. ते कातड्यातल्या प्रथिनाले घट्ट धरून ठेवते, मंग सडवनाऱ्या जंतूचं काही चालत नाही. झाड ते सालीत, पाल्यात, कच्च्या फळात भरून ठेवते, किड्यानं, शेळीनं खाऊ नाही म्हनून."

"म्हंजे झाडाचा राग हाय तो," नूरजहां म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिला पुस्तकातली एखादी गोष्ट पटली होती.

पण या कसाचं एक वैर आहे, लोखंडाशी. सालीच्या पाण्यात लोखंडाचा गंजका खिळा जरी पडला तरी पाणी काळं होतं, कातडं काळं होतं, आणि तसंच राहू दिलं तर पुढं तडकतं. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचाच क्षार, मिळवून पूर्वी शाई करायचे, तीच ही काळीक. म्हणून त्या हौदाजवळ लोखंडाला मनाई. बादली प्लास्टिकची, डाव लाकडाचा. एक गडी हातात विळा घेऊन हौदावर वाकला होता, त्याच्या कानाखाली नूरजहांनं असा आवाज काढला की तो विळा तिथंच टाकून पळाला. आणि या धंद्यातल्या घराघरात एक गोष्ट पोरांना दुधाबरोबर पाजलेली असते. सालीच्या पाण्यात हात घालून ज्यानं लोखंड धरलं, त्याचे हात निळेकाळे पडतात आणि आठवडा आठवडा जात नाहीत. हौदात खोडी कोणी केली हे शोधायला पोलीस लागत नाहीत. हात बघायचे.

आता कय्यूमचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. कय्यूम म्हणजे सकलैनचा धाकटा भाऊ, नूरजहांचा देवर. भाऊ कमावायचा आणि हा शिवायचा. पोळ्याला बैलांच्या गळ्यात घुंगरांचे पट्टे असतात ना, ते कय्यूमच्या हातचे पाहावेत! आरीनं भोक पाडून दोन्हीकडून ओढलेला टाका, एकसारखा, जसा पेरलेला हरभरा. डोणगावच्या बाजारातून माणसं ते पट्टे विचारत यायची. सकलैन असेपर्यंत सगळं एकाच अंगणात चाललं. तो गेल्यावर कय्यूमनं शहरातून क्रोमचं, म्हणजे कारखान्यात रसायनानं कमावलेलं, तयार कातडं आणलं. निळसर, गुळगुळीत, एका दिवसात तयार होणारं.

"भाभी, हे घ्या, साल कुटाचा तरास संपला," तो म्हणाला.

"ह्याले ना वास, ना कस. मेलेल्या मान्साच्या ओठासारखा रंग याचा. फेक ते."

"भाई गेला भाभी. आता त्याचा हौदही जाऊ द्या."

बस्स. हे ऐकलं अन् तिची तळपायाची आग मस्तकात गेली. कुटलेल्या सालीनं भरलेली पाटी तिनं उचलून कय्यूमच्या डोक्यात घातली, निळी कातडी ओढत नेऊन नालीत टाकली, आणि वरून त्याच्यावर थुंकली. कय्यूम भुवईवरचं रक्त पुशीत चौकात उभा राहिला आणि गावाला ऐकू जाईल असा ओरडला, "एक दिवस तुमच्या हौदात लोखंडच टाकतो! मंग पाह्यतो कसं कमावता ते!"

रागात माणूस काय काय बोलतो. पण बोललेलं राहतं. दोन अंगणांच्या मधे भिंत उभी राहिली आणि तीन वर्षं दीर-भावजयीनं एकमेकांचं नाव घेतलं नाही.

यंदा वैशाखात नूरजहांनं पोळ्यासाठी मोठा घाट घातला. चांगली निवडक कातडी, एकही डाग नसलेली, हौदात शेवटच्या गडद पाण्यात होती. ही उतरली असती तर अलफियाचं शेवटचं वर्ष निभलं असतं आणि कारखान्याचं कातडं विकणाऱ्यांच्या तोंडात मारल्यासारखं झालं असतं, हे दुसरं तिला पहिल्यापेक्षा जास्त गोड वाटत होतं. त्यात डोणगावच्या भाचीचं लग्न आलं. जाणं भाग होतं. हौदावर बांबूची ताटी झाकून ती अलफियाला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी अलफिया परस्पर शेगावला उतरली आणि नूरजहां उन्हं कलता कलता एकटीच वरवटला आली.

फाटक उघडलं. ताटी अंगणाच्या टोकाला पडलेली. हौदातलं पाणी काळं, वांग्याच्या सालीसारखं काळं. तिनं हात घालून ढवळलं. तळ लागला. कातडं एकही नाही.

ती ओरडली नाही. हेच वाईट होतं. ती ओरडली की शेजारी समजत, निम्मा राग गेला. तिनं ओले हात पदराला पुसले आणि मोगरी उचलली.

इतक्यात भिंतीपलीकडून कय्यूम आला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं त्या अंगणात पाय ठेवला होता. घाईत होता, धापा टाकत होता, त्याला काहीतरी सांगायचं होतं. आणि त्याचे दोन्ही हात, बोटांच्या पेरांपासून मनगटाच्या वरपर्यंत, निळेकाळे.

"हात दाखव," नूरजहां म्हणाली.

तो साल कुटायच्या दगडापाशी उकिडवा बसला आणि त्यानं दोन्ही हात तिच्यासमोर दगडावर पालथे ठेवले. सरळ ठेवले, पोरगं शाळेत नखं दाखवतं तसे.

"माह्या हौदात हात घातला का तू?"

"हाव भाभी, मीनंच घातला. ऐका त..."

ऐकायला ती उरलीच नव्हती. मोगरी खाली आली. जन्मभर साल कुटलेला हात तो, नेम चुकणार कसा? उजव्या अंगठ्याच्या मुळावर पूर्ण वजनानं घाव बसला आणि सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. कय्यूम मागं कलंडला. दुसरा घाव त्याच हाताच्या पाठीवर. तिसऱ्याला त्यानं हात पोटाशी घेतला, म्हणून तो खांद्यावर बसला. "माह्या नवऱ्याचा हौद! कमीन्या! भावाचा हौद बाटवला तू!" ती प्रत्येक घावाला ओरडत होती. कय्यूमच्या तोंडून शब्दच फुटेना, नुसता घशातला आवाज. दगडावर रक्त सांडलं आणि कुटलेल्या सालीच्या भुशात मुरलं.

कय्यूमची बायको अलीजा धावत आली आणि नवऱ्याच्या अंगावर आडवी पडली. "मारू नका व भाभी! पत्रा काढला त्यायनं! तुमच्या हौदातला पत्रा काढला!"

"कोनता पत्रा?"

आणि तेवढ्यात फाटकातून, काय वेळ साधली बघा माणसानं, शेजारचे किसनराव आत आले. डोक्याला दुपट्टा बांधलेला, चेहऱ्यावर नेहमीचा सुस्तपणा. "नूरजहांबाई, दुपारच्या वावटळीनं आमच्या गोठ्याचा पत्रा उडवला. इकडंच आला म्हनते पोट्टे. पाह्यला का कुठं?" मग त्यांना खाली पडलेला कय्यूम दिसला आणि ते दोन पावलं मागं सरले.

नूरजहां भिंतीपलीकडं गेली. पळाली नाही, चालत गेली. कय्यूमच्या अंगणात भिंतीला टेकून एक गंजका पत्रा उभा होता. त्याच्या आकड्यांत तिच्या हौदातली साल अडकलेली. बाजूला मोठ्या घमेल्यात उकडलेल्या कैऱ्यांचं पाणी, पिळलेल्या लिंबांचा ढीग. आणि कडुनिंबाच्या सावलीत, दोरीवर, तिची कातडी. सगळीच्या सगळी. एकेक पसरून, सुरकुती काढून, एकालाही ऊन लागणार नाही अशी टांगलेली. कडांना थोडी राखट झाक उरली होती, तेवढीच. खटाईनं काळीक निघते हे त्याला कोणी शिकवलं असणार? सकलैननं. ती पहिल्याच कातड्याला हात लावून खाली बसली. कातडं मऊ होतं, वाचलं होतं.

अलीजा पलीकडून रडत सांगत होती. दुपारी सगळं गाव दारं लावून पडलेलं. वावटळीनं ताटी फेकली, पत्रा धाडकन हौदात गेला. कय्यूमनं भिंतीवरून पाहिलं आणि तसाच उडी मारून गेला. "म्या म्हनलं, राहू द्या, त्या बाईनं तुमचं डोस्कं फोडलं होतं. त म्हने, भाईच्या हातचा हौद हाय तो. अख्खी दुपार धूत बसले. जेवले बी नाहीत."

देवानं माणसाला कान दोन दिले आणि या बाईनं एकही वापरला नाही! काळा हात म्हणजे खोडीचा हात, हे तिला येत होतं. पण पत्रा टाकणाऱ्याचा हात पाण्यात जात नाही, काढणाऱ्याचा जातो, एवढी साधी गोष्ट पोरासोरांना कळावी, ती तिला घाव घालून झाल्यावर कळली. आणि तो "मीनंच घातला" म्हणाला ते कसं म्हणाला होता, जरासं अभिमानानं, शाबासकी मिळेल म्हणून, हेही तेव्हाच कळलं. तिनं तोंडात पदर कोंबला तरी आवाज बाहेर आला. तिला असं रडताना कोणी पाहिलं नव्हतं, सकलैनच्या मयतीलासुद्धा नाही.

कय्यूमला शेगावला नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षातून परत आणला, हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत. डॉक्टर म्हणाले होते, अंगठ्याच्या मुळाशी हाडाचा चुरा झालाय, हात राहील, पण चिमटीत काही धरता येणार नाही. आरी तर नाहीच.

त्याचा मुलगा कामरान त्याच दिवशी सुरतहून आला होता. तिथं मिलमध्ये असतो, तगडा, भुवया जुळलेल्या. रिक्षा थांबायच्या आतच तो नूरजहांच्या अंगणात शिरला. मोगरी अजून दगडापाशीच पडली होती, रक्त वाळून तिच्यावर माशा बसलेल्या. ती त्यानं उचलली.

"कुठी हाय ते? कुठी हाय ते बाई?"

नूरजहां घरातून आली. माणसं फाटकाशी जमली होती. कोणीतरी पोलिसांचं नाव काढलं. तिनं कोणाकडं पाहिलं नाही. दगडापाशी बसली आणि उजवा हात त्याच्यावर ठेवला, बोटं पसरून.

"मार," ती म्हणाली. "अंगठ्यापाशी मार. बराबर मार, अर्धवट नको सोडू."

कामराननं मोगरी डोक्यावर नेली. गर्दीत एक म्हातारा पुढं यायला निघाला आणि थांबला, कारण अडवायचं कोणाच्याच मनात नव्हतं. हिच्या हातचा मार गावात किती जणांनी खाल्ला होता! खोटं कशाला बोला, काहींना बरंच वाटत होतं.

"कामरान! ठेव ते खाली."

कय्यूम फाटकाला धरून उभा होता. चेहरा चुन्यासारखा झालेला, ओठ कोरडे.

"अब्बू, हिनं तुमचा हात खाल्ला!"

"माहीत हाय. म्हनूनच म्हनतो, ठेव." तो नूरजहांकडं न पाहता बोलत होता. "मारलं त ते मोकळी होईन. हात देऊन हिसाब फेडला म्हनून आरामात मरन. नाही होऊ द्याचं तिले मोकळं."

कामराननं मोगरी फेकली ती हौदाच्या भिंतीवर आपटली. नूरजहांचा हात दगडावर तसाच होता. लोक पांगले तरी तसाच होता. "मार न रे कोनी," ती दोनदा म्हणाली. पोलिसांत कोणी गेलं नाही, आणि हा फटका तिला आयुष्यात बसलेल्या सगळ्या फटक्यांपेक्षा जड गेला.

आठवड्यानं ती कय्यूमच्या दारात गेली. वाळलेली, तेल देऊन मऊ केलेली कातडी तिच्या डोक्यावर होती. अलीजानं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशीही लावलं. तिसऱ्या दिवशी आतून कय्यूमचा आवाज आला, "येऊ दे." तो खाटेवर बसला होता. आरी, दोरा, मेण त्याच्यासमोर पडलेलं, कोणी न हलवलेलं.

"पोळ्याचे पट्टे बोलून बसलो मी लोकायले," तो म्हणाला. "शिवता येते?"

"नाही."

"मंग शिका लागन. बसा."

नूरजहां बसली. साल कुटणारा हात आरी धरायला तयार होईना. आरी घसरून बोटात जायची, रक्ताचा थेंब चामड्यावर पडायचा आणि कय्यूम म्हणायचा, "पुसा. डाग पडते." बाकी तो तिच्याशी एक शब्द बोलत नसे. भाभीही म्हणत नसे. तिनं रडून माफी मागितली त्या दिवशी तो उठून बाहेर गेला आणि ती गप्प होईपर्यंत आत आला नाही. मग तिनं माफी मागणं सोडलं. सकाळी यायचं, मान खाली घालून शिवायचं, उन्हं उतरली की जायचं. मोहल्ल्यातल्या बाया दारातून डोकावून पाहायच्या, आणि पूर्वी ज्या शब्दासाठी हिनं कोणाचे दात पाडले असते तो शब्द ऐकू येईल असा बोलायच्या. ती मान वर करत नसे.

पाऊसपाणी झालं, कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याला लागली, पोळा जवळ आला तेव्हा तिचा पहिला अख्खा पट्टा शिवून झाला. तिनं स्वतःच तो उलटसुलट करून पाहिला. वाईट नव्हता. घुंगरं धरून राहिला असता. अलीजासुद्धा बघून "बरा हाय" म्हणाली, न राहवून.

तिनं तो कय्यूमच्या मांडीवर ठेवला. त्याचा उजवा हात आता पट्टीतून सुटला होता, अंगठा आत वळून आखडलेला. त्यानं डाव्या हाताचं बोट टाक्यांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं, हळूहळू, डोळे मिटून. मधे एका ठिकाणी बोट थांबलं. परत मागं गेलं, परत तिथंच थांबलं. मग त्यानं पट्टा तिच्यापुढं टाकला.

"उसवा."

"कुठून?"

"पह्यल्या टाक्यापासून."

कामरान दारात उभा राहून बघत होता, आता बाई भडकते म्हणून. नूरजहांच्या कपाळावरची शीर वर आली होती. तिनं पट्टा मांडीवर ओढून घेतला, आरीचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं आणि दोरा तोडला.